इशारा मिळाला, पण जायचे कुठे?

ठाण्यात पावसाने जोर धरला की आमच्या घरच्या ग्रुपवर दरवर्षी तोच वाद नव्याने सुरू होतो. रेड अलर्ट जाहीर होऊन शाळांना सुट्टी मिळाली आणि दिवसभर ऊन पडले, तर वेधशाळेला काही कळत नाही असे सगळे म्हणतात. आणि ८ जुलै २०२४ सारखी एखादी रात्र येते, मुंबईत मध्यरात्रीनंतरच्या सहा तासांत काही ठिकाणी ३०० मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, सकाळी लोकल ठप्प होतात, तेव्हाही सगळे तेच म्हणतात. गेल्या पावसाळ्यात ऐरोलीला नोकरी करणाऱ्या माझ्या भाच्याने मला त्या वादात ओढले. "आत्या, तुमच्याकडे वादळ येण्याआधी प्रत्येकाच्या खिशातला फोन वाजतो. आपल्याकडे तशी यंत्रणा असती, तर एकही माणूस गेला नसता," असे त्याने लिहिले आणि घरातल्या बहुतेकांनी त्याला दुजोरा दिला.

त्याला दोन ओळींत उत्तर देणे मला जमले नाही, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. मी २००८ पासून अमेरिकेच्या दक्षिणेतील अलाबामा राज्यात, हंट्सव्हिलजवळच्या मॅडिसन गावात राहते. टोर्नेडोचा इशारा देणारी जगातील सर्वांत प्रगत यंत्रणा आमच्यासाठी अहोरात्र काम करते. तिच्यावर माझा विश्वास आहे आणि माझ्या मुलीचा जीव मी तिच्या भरवशावर ठेवते. तरीही या देशात दरवर्षी सरासरी सत्तरच्या आसपास माणसे टोर्नेडोत मरतात, आणि एखाद्या वर्षी तो आकडा काही शेकड्यांवर जातो. ती माणसे का मरतात, हे इथे राहून जवळून पाहिल्यानंतर ठाण्याकडे आणि नवी मुंबईकडे पाहण्याची माझी दृष्टी बदलली आहे.

टोर्नेडो म्हणजे आपले चक्रीवादळ नव्हे. निसर्ग किंवा तौक्ते ही चक्रीवादळे अनेक दिवस आधी समुद्रावर दिसली, त्यांना नावे मिळाली, त्यांचा मार्ग नकाशावर काढता आला. टोर्नेडो गडगडाटी ढगाच्या पोटातून जमिनीपर्यंत उतरतो. त्याची रुंदी बहुतेकदा काहीशे मीटर आणि आयुष्य काही मिनिटांचे असते, पण सर्वांत भीषण टोर्नेडोमधले वारे ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात. कोणत्या दिवशी, कोणत्या राज्यात असे ढग तयार होतील हे आता दोन-तीन दिवस आधी सांगता येते. पण कोणत्या ढगातून, कोणत्या गल्लीवर तो उतरेल हे कळते तेव्हा हातात सरासरी दहा-पंधरा मिनिटेच उरलेली असतात. सारी यंत्रणा त्या दहा-पंधरा मिनिटांसाठी उभी आहे.

२७ एप्रिल २०११ हा दिवस मी अशा घरात काढला, जिथे तळघर नव्हते. त्या दिवसाविषयी हवामानशास्त्रज्ञांनी कित्येक दिवस आधीपासून सांगितले होते, आणि धोक्याची सर्वोच्च पातळीही जाहीर झाली होती. पहाटेच वादळांची पहिली रांग अलाबामातून गेली. तिने अनेक ठिकाणची वीज घालवली आणि हवामानाचे इशारे देणाऱ्या रेडिओची काही प्रक्षेपण केंद्रेही बंद पाडली. म्हणजे दुपारी खरे संकट आले, तेव्हा कित्येक घरांत टीव्ही नव्हता, फोनची बॅटरी संपत आली होती आणि इशारा ऐकण्याचे साधनच उरले नव्हते. संध्याकाळी पाचच्या सुमारास आम्ही जिन्याखालच्या कपाटात बसलो. दोन वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर नवऱ्याचे सायकलचे हेल्मेट होते, वर गादी ओढली होती आणि बॅटरीवर चालणारा छोटा रेडिओ माझ्या मांडीवर होता. टोर्नेडो आमच्या उत्तरेकडून, टॅनर आणि हार्वेस्ट या वस्त्यांवरून गेला. आम्हाला तो दिसला नाही, ऐकूही आला नाही. त्याने ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्राकडून येणाऱ्या मोठ्या वाहिन्या पाडल्या आणि पुढचे अनेक दिवस अख्खे हंट्सव्हिल अंधारात राहिले. ठाण्याला फोन लागायला मला दोन दिवस लागले.

त्या एका टोर्नेडोने २०० किलोमीटरहून लांब वाट कापली आणि ७२ जणांचा जीव घेतला. त्या दिवशी एकट्या अलाबामात सुमारे अडीचशे माणसे गेली. यांतले जवळजवळ सगळे मृत्यू ज्या भागांत झाले, तिथे आधीच इशारा दिलेला होता, आणि कित्येक ठिकाणी तो वीस मिनिटांहून अधिक आधी दिलेला होता. भाच्याच्या वाक्याला माझे पहिले उत्तर हेच आहे. यंत्रणा होती, ती चालली, शास्त्रज्ञ चुकले नाहीत, आणि तरीही अडीचशे माणसे गेली.

याचा अर्थ रडार निरुपयोगी आहे असा कुणी काढू नये. १८ मार्च १९२५ रोजी मिसुरी, इलिनॉय आणि इंडियाना या तीन राज्यांतून गेलेल्या एकाच टोर्नेडोने ६९५ माणसे मारली, कारण कुणाला काही कळलेच नव्हते. लोक घाबरतील म्हणून त्या काळी सरकारी अंदाजात 'टोर्नेडो' हा शब्द वापरण्याचेही टाळत असत. १९४८ साली ओक्लाहोमातील टिंकर हवाई तळावर दोन लष्करी अधिकाऱ्यांनी पहिल्यांदा टोर्नेडोचा यशस्वी अंदाज दिला आणि तिथून चित्र पालटू लागले. १९५३ मध्ये मिशिगनमधील फ्लिंट येथे एका टोर्नेडोत ११६ जण गेले. त्यानंतर तब्बल ५८ वर्षे एकाही टोर्नेडोने शंभराचा आकडा गाठला नाही. नव्वदच्या दशकात देशभर डॉप्लर रडारांचे, म्हणजे ढगाच्या आतले फिरणे दाखवणाऱ्या रडारांचे, जाळे उभे राहिले. ते नसते तर २०११ मध्ये किती माणसे गेली असती, याची कल्पनाही करवत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की रडारने जे साधायचे ते बहुतांशी साधून झाले आहे, आणि उरलेले मृत्यू ज्या कारणांनी होतात, ती रडारच्या पडद्यावर दिसत नाहीत.

ती ५८ वर्षांची साखळी तुटली मिसुरी राज्यातील जॉप्लिन गावात, २२ मे २०११ रोजी, आमच्या वादळानंतर महिनाही उलटला नव्हता तेव्हा. तिथे १५८ माणसे गेली. पुढे सरकारी संस्थांनी तिथे वाचलेल्या शेकडो लोकांशी बोलून त्या संध्याकाळचा मिनिटामिनिटाचा हिशेब मांडला, आणि तो हिशेब आपल्याकडच्या प्रत्येक आपत्ती व्यवस्थापन कक्षात वाचला जावा असे मला मनापासून वाटते. ५ वाजून ११ मिनिटांनी गावातले भोंगे तीन मिनिटे वाजले. तो भोंगा वेगळ्या वादळाच्या इशाऱ्यासाठी होता. ५ वाजून १७ मिनिटांनी जॉप्लिनसाठी इशारा निघाला. ५ वाजून ३४ मिनिटांनी टोर्नेडो जमिनीला टेकला. ५ वाजून ३८ मिनिटांनी भोंगे पुन्हा वाजले. म्हणजे इशारा आणि टोर्नेडो यांच्यामध्ये सतरा मिनिटे होती, जी पुरेशी म्हणावीत अशी आहेत. या सतरा मिनिटांत लोकांनी काय केले? बहुतेकांनी पहिला भोंगा ऐकला आणि दुसरा पुरावा शोधला. कुणी टीव्ही लावला, कुणी नातेवाइकांना फोन केला, कुणी दार उघडून आकाशाकडे पाहिले. पहिला भोंगा थांबला म्हणून धोका टळला असे काहींना वाटले. पावसाच्या पडद्याआड लपलेला टोर्नेडो डोळ्यांना नीट दिसत नव्हता, आणि खात्री पटेपर्यंत तो दारात आला होता.

यावर 'लोक बेफिकीर असतात' असे म्हणून मोकळे होणे सोपे आहे, आणि मीही पूर्वी तसे म्हणत असे. पण त्या गावात भोंगे दर वसंतात अनेकदा वाजत, आणि बहुतेक वेळा काहीच होत नसे. अमेरिकेत टोर्नेडोच्या दर दहा इशाऱ्यांपैकी साधारण सात खोटे ठरतात. हा शास्त्रज्ञांचा निष्काळजीपणा नाही. रडारचा झोत सरळ जातो आणि पृथ्वीची पाठ खाली वळत जाते, त्यामुळे शंभर किलोमीटरवर तो जमिनीपासून दीड किलोमीटरच्या आसपास उंच असतो. तिथे ढगाचे फिरणे दिसते, जमिनीवर काय चालले आहे ते दिसत नाही. फिरणाऱ्या प्रत्येक ढगातून टोर्नेडो निघत नाही, पण निघाल्यावर इशारा देऊन उपयोग नाही. म्हणून इशारा देतात, आणि तो बहुतेक वेळा वाया जातो. लोकांना हे मोकळेपणाने सांगावे लागते की सात वेळा कपाटात बसणे फुकट जाईल आणि तरीही आठव्यांदा बसायचे आहे. बर्मिंगहॅमचे टीव्ही हवामानतज्ज्ञ जेम्स स्पॅन वर्षानुवर्षे हेच सांगत आले आहेत: भोंगा घराबाहेरच्या लोकांसाठी असतो, घरात झोपलेल्याला तो ऐकू येईलच असे नाही, त्याच्यावर विसंबू नका. तरीही माझ्या शेजारचे एक आजोबा प्रत्येक वेळी अंगणात उभे राहून भोंगा कुठल्या दिशेने येतो ते पाहतात.

आता सर्वांत जड भागाकडे येते. अलाबामात माझ्या कार्यालयाची साफसफाई करणारी एक बाई मोबाइल होममध्ये राहते. नावाप्रमाणे हे घर चाकांवर फिरत नाही. कारखान्यात बनलेले हलके, लांबट घर ट्रकवर आणून जमिनीवर ठेवतात आणि पट्ट्यांनी व खिळ्यांनी जखडतात. गरिबाला परवडणारे घर ते हेच. तुलनेने कमजोर टोर्नेडोसुद्धा ते उलटवू शकतो. अमेरिकेतील फार थोडे लोक अशा घरांत राहतात, पण घरात असताना टोर्नेडोने मरणाऱ्यांपैकी साधारण निम्मे याच घरांतले असतात. ३ मार्च २०१९ रोजी आमच्याच राज्यातील बोरेगार्ड येथे २३ माणसे गेली, त्यांतली बहुसंख्य मोबाइल होममध्ये होती. त्यांना इशारा मिळाला नव्हता असे नाही. पण इशाऱ्यात सांगतात की मोबाइल होम सोडा आणि भक्कम इमारतीत जा. आमच्या भागात ही घरे एका ठिकाणी वस्ती करून नसतात, ती रानोमाळ विखुरलेली असतात, त्यामुळे जवळपास भक्कम इमारतच नसते. सार्वजनिक निवारा वीस मिनिटांवर आणि इशारा दहा मिनिटांचा, हे गणित कोणत्याही रडारने सुटत नाही.

त्या बाईने एकदा मला तिची पद्धत सांगितली. वादळाचा संभव आहे एवढे कळले की, म्हणजे खरा इशारा निघण्याच्या कित्येक तास आधी, ती दोन मुलांना गाडीत घालते आणि निवाऱ्याच्या आवारात जाऊन थांबते. वर्षातून दहा-बारा वेळा. रात्रपाळी असेल त्या दिवशी तिला हे करता येत नाही, कारण रजा कापली जाते. निवाऱ्यात कुत्रा चालत नाही, म्हणून मोठा मुलगा यायला तयार होत नाही. निवारा उघडा असेल का, हे तिला दर वेळी आधी फोन करून विचारावे लागते. हे सगळे ऐकताना मला जाणवले की माझ्या आणि तिच्या फोनवर तोच संदेश, त्याच क्षणी येतो. मला तो पंधरा पावलांवरच्या कपाटाकडे नेतो आणि तिला अर्ध्या रात्रीच्या हिशेबात टाकतो.

रात्रीचे वेगळे सांगायला हवे. रात्री येणारा टोर्नेडो दिवसाच्या टोर्नेडोपेक्षा सुमारे अडीचपट जीवघेणा ठरतो, असे अभ्यासकांनी दाखवले आहे, आणि दक्षिणेत असे टोर्नेडो अधिक येतात. मार्च २०२० मध्ये टेनेसीतील कुकव्हिलच्या परिसरात रात्री दोनच्या सुमारास १९ माणसे गेली. १० डिसेंबर २०२१ च्या रात्री केंटकीतील मेफिल्ड गावात मेणबत्त्यांचा कारखाना कोसळला, तेव्हा आत शंभराहून अधिक कामगार पाळीवर होते. नऊ जण गेले. कामावरून निघून गेलो तर नोकरी जाईल अशी धमकी मिळाल्याचे काही कामगारांनी नंतर सांगितले, कंपनीने ते नाकारले. त्याच रात्री इलिनॉयमधील एका मोठ्या गोदामात सहा जण गेले. मे २०२५ मध्ये सेंट लुइसवर दुपारी टोर्नेडो आला आणि शहराचे भोंगे वाजलेच नाहीत, कारण बटण कुणी दाबायचे याबाबतच गोंधळ झाला. जगातली उत्तम यंत्रणा इथे एका बोटाशी येऊन थांबली.

हे सगळे समोर ठेवून मी जेव्हा ठाण्याचा विचार करते, तेव्हा मला पाऊस आठवत नाही. मला किसननगरमधील माझ्या मावशीचा जिना आठवतो. चौथ्या मजल्यावर ती एकटी राहते, वय चौऱ्याहत्तर. दर मे महिन्यात तळमजल्यावर विजेच्या मीटरच्या पेटीशेजारी इमारत धोकादायक असल्याची नोटीस चिकटवली जाते. मागच्या वर्षीची नोटीस फाडलेली नसते, तिच्यावरच नवी लागते. जिन्याच्या दुसऱ्या वळणावर स्लॅबची सळई उघडी पडली आहे आणि त्या सळईला कुणीतरी कपडे वाळत घालायची दोरी बांधली आहे. गॅलरीखाली लोखंडी टेकू आहेत. दोन वर्षांपूर्वी मी तिथे गेले, तेव्हा तिला म्हटले की पावसाळ्यापुरती तरी बाहेर पड. ती म्हणाली, "नोटीस दरवर्षीच येते गं. आणि एकदा का बाहेर पडले, की परत आत कोण घेणार मला?"

तिच्या पहिल्या वाक्यात जॉप्लिनचा भोंगा आहे आणि दुसऱ्यात माझ्या कार्यालयातल्या बाईचा निवारा आहे. पावसाळ्यापूर्वी इमारतींची वर्गवारी होते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, तत्काळ रिकामी करून पाडायची; सी-२ए रिकामी करून दुरुस्त करायची; सी-२बी न हलवता दुरुस्त करायची; आणि सी-३ किरकोळ दुरुस्तीची. हा धोक्याचा इशाराच आहे, आणि टोर्नेडोच्या इशाऱ्यापेक्षा किती तरी उदार, कारण त्यात दहा मिनिटे नव्हे तर महिने मिळतात. पण घर सोडल्यावर त्यावरचा हक्क कागदावर कसा टिकेल, संक्रमण शिबिर कुठल्या टोकाला मिळेल, तिथून धुण्याभांड्याच्या कामावर किंवा वागळे इस्टेटमधल्या पाळीवर वेळेत कसे पोहोचायचे, पुनर्विकास किती वर्षे रखडेल, यांचे उत्तर त्या नोटिशीत नसते. ज्याला उत्तर मिळत नाही तो माणूस घर सोडत नाही. त्याला अडाणी म्हणणाऱ्यांचा मला राग येतो, कारण त्याच्या जागी मी असते तर मीही सोडले नसते.

भाच्याचे एक म्हणणे मात्र मला पूर्ण मान्य आहे. इशारा नेमका असला पाहिजे. २००७ पर्यंत अमेरिकेतही टोर्नेडोचा इशारा अख्ख्या काउंटीला, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या भागाला, दिला जाई. त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून वादळाच्या वाटेतला तेवढाच तुकडा नकाशावर आखून इशारा देऊ लागले, आणि खोट्या धोक्याने हलवल्या जाणाऱ्या लोकांची संख्या खूप घटली. आपल्याकडे चर्चा होते ती जिल्ह्याच्या रंगाची. ठाणे जिल्ह्याला लाल रंग म्हणजे शहापूर-मुरबाडच्या डोंगरांपासून मिरा-भाईंदरच्या खाडीपर्यंत सगळे लाल. नवी मुंबईचे तर आणखीच वेगळे आहे: बेलापूरपर्यंत ठाणे जिल्हा आणि खारघरपासून पुढे रायगड, म्हणजे एकाच ढगाखाली उभ्या असलेल्या दोन उपनगरांना दोन वेगळ्या जिल्ह्यांचे इशारे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच शहरात कुलाब्याला पाऊण शेच्या आसपासच पडला होता; एवढ्या स्थानिक पावसाला जिल्ह्याचा रंग अपुरा आहे. निवडक भागातील सगळ्या फोनवर एकाच वेळी संदेश पाठवण्याच्या चाचण्या आपल्याकडे २०२३ मध्ये झाल्या, मोठ्या आवाजाने फोन वाजले आणि माझी आई घाबरून शेजारी गेली होती. ती सोय प्रभागाच्या पातळीवर, मराठीत, 'घराबाहेर पडू नका' एवढ्यावर न थांबता 'अमुक शाळेत जा' असे सांगू लागली, तर मी भाच्याच्या बाजूने उभी राहीन.

पण नुसती तेवढी मागणी केली तर आपण फसू, असे मला वाटते, कारण आपल्या परिसरातल्या अलीकडच्या मोठ्या मृत्यूंपैकी कितीतरी माहितीअभावी झालेले नाहीत. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरच्या मैदानावर पुरस्कार सोहळ्याला लाखो लोक आले, भर एप्रिलच्या दुपारी छताविना बसले आणि उष्माघाताने १४ जण गेले. एप्रिलमधले ऊन कसे असते हे आयोजनाच्या प्रत्येक टप्प्यावर सगळ्यांना ठाऊक होते. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबईजवळच्या तेलक्षेत्रात कामगारांच्या निवासाची सपाट नौका, बार्ज पी-३०५, बुडाली. तिच्यावर २६१ माणसे होती, साठहून अधिक गेली, आणि वादळाचे इशारे कित्येक दिवस आधीपासून होते. तिथे बार्जवरच्या सामान्य कामगारांच्या हातात निर्णय नव्हता. मेफिल्डच्या कारखान्याची बातमी वाचताना मला सर्वांत आधी ती बार्ज आठवली.

इर्शाळवाडीविषयी लिहिताना माझा हात आजही जड होतो. पनवेलहून ती काही लांब नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील त्या ठाकरवाडीवर दरड कोसळली. २७ मृतदेह मिळाले, ५७ जण बेपत्ता राहिले आणि पुढे शोध थांबवावा लागला. रायगड जिल्ह्याला अतिवृष्टीचा इशारा होता. पण वाडीचे नाव दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हते, वर जायला रस्ता नव्हता, पायवाटेने तासाभराची चढण होती. समजा त्या रात्री प्रत्येक घरात फोन वाजला असता, तर त्या पावसात, अंधारात, लहान मुले आणि म्हातारी माणसे घेऊन ते कुठल्या वाटेने उतरले असते? अशी वाडी पावसाळ्याआधी, उजेडात, तिच्या संमतीने आणि तिच्या शेतीपासून फार दूर न नेता हलवावी लागते. हे काम वेधशाळेचे नाही.

याउलट घडलेलेही सांगते. २७ जुलै २०२४ रोजी पहाटे बेलापूरच्या शहाबाज गावात एक चार मजली इमारत कोसळली. तीन जण गेले, पण पन्नासेक रहिवासी कोसळण्याच्या काही मिनिटे आधी बाहेर पडलेले होते, कारण इमारत हादरल्याचे जाणवताच माणसांनी माणसांना उठवले. कुठलेही उपकरण नव्हते. रस्ता समोर होता, जिना उतरता येण्याजोगा होता आणि शेजाऱ्याच्या हाकेवर विश्वास होता.

मोठ्या प्रमाणावर हे ओडिशाने करून दाखवले आहे. १९९९ च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसे गेली; २०१३ मध्ये फायलिन आले तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोकांना हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या चौदा वर्षांत उपग्रह सुधारले हे खरे, पण त्याच काळात किनाऱ्यावर निवारे बांधले गेले, गावागावांत स्वयंसेवक तयार झाले, दरवर्षी सराव झाले आणि निवाऱ्याची किल्ली कुणाकडे आहे हे गावाला माहीत झाले. चक्रीवादळ दिवस देते आणि टोर्नेडो मिनिटे देतो, हा फरक मी विसरलेले नाही. म्हणूनच मिनिटांच्या संकटात निवारा आणखी जवळ असावा लागतो. अलाबामाने ते शाळांबाबत ओळखले. १ मार्च २००७ रोजी एंटरप्राइझ गावच्या शाळेत आठ विद्यार्थी टोर्नेडोत गेले, आणि २०१० पासून नव्याने बांधल्या जाणाऱ्या सरकारी शाळांत वादळात टिकणारी भक्कम जागा बांधणे कायद्याने बंधनकारक झाले. माझी मुलगी अशाच जागेत सराव करत मोठी झाली. मोबाइल होममधल्या लोकांसाठी मात्र तसा कायदा या श्रीमंत देशातल्या आमच्या राज्याने अजून केलेला नाही, आणि त्याची किंमत दर वसंतात तीच माणसे मोजतात.

तेव्हा भाच्याने मागायचेच असेल, तर नव्या रडारच्या बरोबरीने हे मागावे. रेड अलर्टच्या दिवशी रोजंदारीवरच्या माणसाची मजुरी कापली जाणार नाही, हे लेखी हवे. महापे आणि वागळेच्या कारखान्यांत, मॉलच्या दारात उभ्या असणाऱ्या सुरक्षा रक्षकापर्यंत ते लागू हवे. घरून काम करणाऱ्या आपल्यासारख्यांच्या सुट्टीवर वाद घालण्यात आपण फार वेळ घालवतो. धोकादायक इमारतीच्या नोटिशीसोबतच रहिवाशाच्या हक्काचा, क्षेत्रफळासह लिहिलेला दाखला त्याच्या हातात पडावा आणि तात्पुरते घर त्याच प्रभागात मिळावे. याला पैसा लागेल, जमीन लागेल, आणि ठाण्यात जमीन किती महाग आहे हे मला कळते. पण या मागण्या महाग आहेत म्हणून त्या सोडून आपण स्वस्त असलेला इशारा मागत राहतो की काय, अशी मला शंका येते.

गेल्या महिन्यात मावशीशी फोनवर बोलले. भाचा आता दर रविवारी तिच्याकडे जातो, तिने एक पिशवी भरून दाराशी ठेवली आहे. पिशवीत घराचे कागद, विजेचे बिल, रक्तदाबाच्या गोळ्या आणि मामाचा फोटो आहे. रात्री काही झाले तर कुठे जायचे, असे मी विचारले. कोपऱ्यावरच्या शाळेत, असे ती म्हणाली. शाळेच्या फाटकाला रात्री कुलूप असते, आणि किल्ली वॉचमनकडे असते की मुख्याध्यापकांकडे, हे तिला माहीत नव्हते. भाचा पुढच्या आठवड्यात शाळेत जाऊन ते विचारणार आहे.